पॉवर वाढवा

पुखराजशेठला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते चालायलाच हवं होतं. चाललं तर धापूबाई एरंडोलात राहणार होती, नाही चाललं तर मुलगा तिला धुळ्याला घेऊन जाणार होता. इतका सरळ मामला. बाकी सगळं वाकडं.

एरंडोलच्या बाजारात पुखराजचं भांड्यांचं दुकान. घर मागच्या बाजूला, दोन गल्ल्या सोडून. धापूबाईचं विसरणं सुरुवातीला किरकोळ होतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, दोघंही हसायची. मग ती माणसं विसरायला लागली, आणि हसणं थांबलं. होळीच्या सुमारास एका दुपारी ती दार उघडून सरळ चालती झाली. दुकानाशेजारी स्टोव्ह-कुकर दुरुस्ती करणारे सरदारभाई नेमके स्टँडवर कुणाला तरी सोडायला गेले होते म्हणून बरं. यावलच्या बसच्या पायरीवर त्यांना भाभीजी दिसल्या. त्यांनी तिला समजावून, गोडीगुलाबीनं घरी आणलं. पुखराजला तोवर पत्ताच नव्हता. तो एका गिऱ्हाइकाला परातीवर नाव कोरून देत बसला होता.

मुलगा संयम त्याच संध्याकाळी धुळ्याहून आला. आईला आता मी नेतो, म्हणाला. त्याचं काही चुकत होतं असं नाही. पण दिवाळीत चार दिवस धापूबाई त्याच्या फ्लॅटवर राहिली, तेव्हा ती दर तासाला 'घरी चला, घरी चला' करत होती आणि जेवणाला तोंड लावत नव्हती. तिथं कायमची गेली तर ती सुकून जाईल हे पुखराजला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच तिच्यावाचून ते घर खायला उठलं असतं. हे मात्र तो कुणाला बोलला नाही. ह्या वयात असलं बोलतात का?

बरं, उपाय करून झाले नव्हते असंही नाही. सोबतीला कमलबाई ठेवून पाहिली. धापूबाईनं तिला चोर ठरवलं आणि लाटणं घेऊन दारापुढच्या ओट्याखाली उतरवलं. एकदा त्यानं बाहेरून कुलूप लावलं. दुपारी येऊन पाहतो तर दार बडवून बडवून हिचे तळहात लाल झालेले. त्या दिवसापासून कुलपाच्या नावानं त्यानं कानाला खडा लावला.

तोडगा काढला सुनेनं. भाविका मारवाडी नव्हे, पारोळ्याच्या मराठी घरातली, धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. संयमनं स्वतःच्या पसंतीनं केलेली, आणि लग्नानंतर दोघं धुळ्यातच, त्यामुळे सासरच्या घरात ती सणावारापुरतीच. पण पोरगी मायेची. ती म्हणाली, दारावर कॅमेरा लावू. मम्मीजी दाराजवळ आल्या की तुमच्या आणि आमच्याही फोनवर घंटी वाजेल. दोन गल्ल्यांचं तर अंतर, तुम्ही पोहोचाल. संयमनं नाक मुरडलं, पण महिनाभर बघू म्हणाला. नीट चाललं तर आई इथं, नाहीतर तिकडे.

एका रविवारी भाविका कॅमेरा आणि तो चालवणारं यंत्र घेऊन आली. साबणाच्या वडीएवढी डबी. हा कॉम्प्युटर आहे, म्हणाली. पुखराजनं डबी हातात घेऊन तोलून पाहिली, भांडेवाल्याची सवय. वजन काहीच नाही. ह्याच्यात विंडोज नसतं, लिनक्स असतं, असं तिनं सांगितलं. विंडोज म्हणजे खिडक्या हे त्याला ठाऊक होतं. खिडक्या नसलेल्या घरात हवा कुठून येणार, असा एक प्रश्न त्याच्या मनात आला, पण सुनेसमोर शोभा नको म्हणून त्यानं तो गिळला.

हवा आणायला निराळी वस्तू होती. इंटरनेटचा डबा वरच्या मजल्यावर, दार खाली. मधून वायर टाकायची सोय नाही, कारण धापूबाईला वायर दिसली की ती ओढून, नीट गुंडाळून कपाटात ठेवायची. म्हणून ते बिनवायरीचं, वायफाय का काय ते. डबीला ते जन्मजात नव्हतं. त्यासाठी नखाएवढं एक डोंगल डबीच्या खाचेत बसवायचं होतं. भाविकानं बसवलं, लॅपटॉप जोडला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हे मशीन म्हणतंय, ही सीडी आहे."

पुखराज वाकला. डोंगल इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. सीडी त्यानं पाहिलेली होती, घरात भजनांच्या पडल्या होत्या. गोल असते, मध्ये भोक असतं. ह्यात गोल काय आहे आणि भोक कुठं आहे? भाविकानं समजावलं की ह्या डोंगलच्या पोटात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर भरून दिलेलं असतं, म्हणून ते आधी आपली ओळख सीडी म्हणून करून देतं. लिनक्सला त्याला सांगावं लागतं की बाबा, सोंग पुरे, आता खरं रूप दाखव.

"म्हणजे रायरंद आहे म्हण," पुखराज म्हणाला.

सोंगं घेऊन दारोदार फिरणारा रायरंद भाविकाला माहीत होता, खानदेशातलीच ती. ती हसली, बोटं चालवत राहिली, आणि डोंगलवर निळा दिवा लागला. दारात उभं राहिल्यावर पुखराजच्या खिशात घंटी वाजली. फोनमध्ये त्याचंच टक्कल दिसलं, वरून काढलेलं. जाताना तिनं बारका चार्जर भिंतीच्या बोर्डाला लावला, त्याची वायर धापूबाईला दिसू नये म्हणून पट्टीखाली दडवली आणि एक मोठा काळा चार्जर प्लास्टिकच्या पिशवीसकट फळीवर ठेवला. ह्यानं चालेल बहुतेक, नाही चाललं तर पॉवर वाढवू, असं म्हणाली. पुखराजनं मान डोलावली. तो सकाळपासून प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता.

सोमवारी घंटी एकदा वाजली आणि मग गप्प. घरी जाऊन पाहिलं तर डबीवरचा लाल दिवा चालू, डोंगलवरचा निळा गेलेला. भाविकाला फोन केला. ती म्हणाली, डोंगलला पॉवर कमी पडतेय. "पॉवर वाढवा, बाबूजी."

पुखराजनं पॉवर वाढवली. थोडा थांबला, पुन्हा लावली. निळा दिवा लुकलुकला आणि लागला. वा! सुनेला कळवलं, तिलाही हायसं वाटलं. दुपारी पुन्हा गेला. पुन्हा फोन, पुन्हा तेच. वाढवली का? वाढवली. मग लागला का? लागला होता, पण गेला. भाविका बुचकळ्यात. पॉवर वाढवल्यावर लागतो, म्हणजे दुखणं तिनं बरोबर ओळखलंय. मग टिकत का नाही? पुखराजही बुचकळ्यात. इतक्या वेळा वाढवायची तर मग यंत्र चालणार कधी? पण शिकल्यासवरल्या माणसांचा पहिला उपाय हाच असतो, हे त्याला बँकेपासून टीव्हीच्या कंपनीपर्यंत सगळ्यांनी शिकवलं होतं. तो निमूट वाढवत राहिला.

शेवटी भाविकानं ठरवलं की डोंगलच खराब. जळगावला तिच्या ओळखीच्या फैसलचं दुकान होतं, त्याच्याकडून तसंच दुसरं मागवलं. तोच खोका, तेच नाव, तोच आकडा. सरदारभाईंनी दुकानात डोकावून 'हाई काय शे, शेठ?' म्हणून विचारलं, तेव्हा पुखराजनं मोठ्या ऐटीत डोंगल म्हणून सांगितलं. घरी नेऊन बसवलं तर निळा दिवा लागेचना. सीडी नाही, डोंगल नाही, काहीच नाही. भाविकानं फोनवरून त्याच्याकडून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचून घेतली, त्यात चष्मा दोनदा बदलावा लागला. मग म्हणाली, वरून तेच असलं तरी आतली चिप वेगळी आहे. कंपनी आतला माल बदलते, खोका तोच ठेवते. लिनक्सला ही चिप ओळखीची नाही.

हे ऐकून पुखराजचं टाळकंच फिरलं. तो जन्मभर भांडी विकत आला होता. अमुक जाडीचा पत्रा म्हटलं की तो पत्रा तेवढाच जाड. नाव एक आणि आत दुसरंच, असला धंदा त्याच्या दुकानात कुणी केला असता तर त्याला त्यानं पायरी चढू दिली नसती. आणि इथं मोठ्या कंपन्या राजरोस करतात! राग मनातच राहिला, कारण राग काढायला समोर कोण होतं? एक नखाएवढं डोंगल.

पहिलं डोंगल पुन्हा लावलं. पुन्हा लागणं, पुन्हा जाणं. दिवसातून कितीदा तरी तो दुकानातून घरी जायचा, पॉवर वाढवायचा, लावायचा, परत यायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. धापूबाई झोपाळ्यावर बसून हा कोण परका माणूस आपल्या घरात सारखा येऊन बटणं दाबतो म्हणून बघत राहायची. एकदा तिनं त्याला विचारलंही, तुम्ही लाइटवाले का? हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

महिना सरत आला. संयमचे फोन वाढले. बाबा, अजून किती दिवस हा खेळ, असं विचारायचा. खेळ! पुखराजला वाटायचं फोनमधून हात घालून ह्याचा कान पिळावा. मग वाटायचं, पोरगा आईच्या काळजीनंच बोलतोय, त्याच्यावर काय चिडायचं? कुणावर चिडावं हेच कळेनासं झालं होतं.

पुढच्या रविवारी भाविका स्वतः आली, एकटीच. स्टुलावर चढली, डबी पाहिली, बोर्ड पाहिला, फळीवर नजर टाकली. मोठा काळा चार्जर पिशवीतच. पिशवीची गाठसुद्धा तिनंच मारलेली.

"बाबूजी, तुम्ही पॉवर वाढवली नाहीत?"

"रोज वाढवतो. ह्या एका महिन्यात जेवढी वाढवली तेवढी जन्मात वाढवली नाही."

"कशी वाढवता? मला दाखवा बरं."

पुखराज भिंतीपाशी गेला. त्यानं बटण दाबलं. डबीवरचा लाल दिवा विझला. "ही वाढवली," तो म्हणाला. मग थोडा थांबला, पुन्हा बटण दाबलं. "आणि ही लावली."

भाविका त्याच्याकडे बघत राहिली, मग बटणाकडे. "बाबूजी, ही तर तुम्ही बंद केली."

"बंद म्हणू नको!"

आवाज झोपाळ्यावरून आला. कडक, खणखणीत, जसा कित्येक महिन्यांत त्या घरात ऐकू आला नव्हता. धापूबाई ताठ बसली होती, डोक्यावरचा पदर सावरत. ती भाविकाला म्हणाली, "दुकान बंद, दिवा बंद, असं बोलत नाहीत. अशुभ असतं. वाढवलं म्हणावं. कुणाची सून आहेस तू?"

"तुमचीच, मम्मीजी."

"मग शीक."

तर असा घोळ. त्या घरात आजवर कुणी दुकान बंद केलं नव्हतं, रोज रात्री वाढवलं होतं. दिवा विझवला नव्हता, वाढवला होता. धापूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला हेच बजावलं होतं, आणि तिनं पुढं ते नवऱ्याला, नोकरांना, सगळ्यांना शिकवून ठेवलं. पुखराजच्या कानाला आता वाढवणं म्हणजे मिटवणं हाच पहिला अर्थ लागायचा. त्यातून वस्तू विजेची, तिथं दुसरा अर्थ असेल हे डोक्यात येणार कसं? भाविकाला हसू आवरेना. स्टुलावरून उतरून ती जमिनीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुखराजला मात्र हसू येईना. स्वतःच्या येडपटपणाची लाजसुद्धा वाटेना. तो धापूबाईकडे बघत होता. ती बोलली होती. तिची ती, घरधनीण, तोऱ्यात बोलली होती. त्याला वाटलं, आत्ता जाऊन तिच्या शेजारी बसावं आणि तिनं आणखी चार चुका काढाव्यात. तो जाऊन बसला तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि किंचित बाजूला सरकली, परक्या पुरुषापासून सरकतात तशी.

भाविकानं काळा चार्जर लावला. निळा दिवा लागला तो लागलाच.

आता सुख लागायला हवं होतं की नाही? पण सोमवारी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच घंटी. पुखराजनं फोन काढला. दारात धापूबाई. तो चपला घालतो तोवर ती आत गेली. परत येऊन बसला, पुन्हा घंटी. पुन्हा तीच, चौकटीला हात टेकून. मग आत. गिऱ्हाइकाला डब्याचं झाकण दाखवतोय, घंटी. दिवसभर हेच. हेच चित्र धुळ्याला संयमच्या फोनवरही जात होतं, हे पुखराज विसरूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संयमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत घालण्यासारखा होता. तो म्हणाला, आई दिवसभर दारात असते बाबा. कधी रस्त्यावर उतरेल नेम नाही. तुम्ही कितीदा धावाल? रविवारी मी गाडी घेऊन येतो.

काय म्हणावं ह्याला! आपल्या बाजूनं बोलेल म्हणून पुखराजनं महिनाभर खस्ता खाऊन ज्या यंत्राला उभं केलं, तोच साक्षीदार उभा राहिल्या राहिल्या फितूर झाला. बिघडलेलं होतं तोवर धापूबाई त्याची होती. संयमला सांगायलाही तोंड नव्हतं, कारण तो बोलला त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. फोनवर सगळं दिसत होतं.

बुधवारी त्यानं गिऱ्हाईक कमी असताना ते चित्र नीट निरखून पाहिलं. धापूबाई येते. कडी काढते. चौकटीला धरून उभी राहते. डावीकडे बघते, गल्लीच्या तोंडाकडे. एक पायरी उतरते. थांबते. पुन्हा पायरी चढते, आत जाते. थोड्या वेळानं परत तेच. हिला जायचंय तरी कुठं? दार उघडं आहे, अडवणारं कुणी नाही. जायचं तर जाईल, मग पुन्हा आत का येते? आणि प्रत्येक वेळी डावीकडेच का? उजवीकडे स्टँड, उजवीकडेच देऊळ. डावीकडे आहे काय, नुसता बाजार. पुखराजचं डोकं चालेना. ह्या बाईबरोबर आख्खा जन्म काढला आणि एका पायरीचा अर्थ लागत नव्हता. त्यानं सरदारभाईंना दुकानाकडे बघायला सांगितलं आणि भर धंद्याच्या वेळी घराकडे निघाला.

ती दारातच होती. त्याला बघून तिनं पदर पुढं ओढला.

"काय बघताय?" त्यानं हळूच विचारलं.

"ते यायचेत अजून," ती म्हणाली. "दुकानात आहेत. उशीर झाला आज. तुमचं काही काम असेल तर ओट्यावर बसा, येतीलच."

पुखराज ओट्यावर बसला. महिनोन्महिने तो समजत होता की ही घरातून जायला बघते. कुलूप काय, कॅमेरा काय, सगळा बंदोबस्त तिनं बाहेर पडू नये म्हणून. आणि ती एक होळीची दुपार सोडली तर ही कुठं जातच नव्हती. तो घरी यायचा, बटण दाबायचा, पुन्हा निघून जायचा, आणि इकडं ही त्याची वाट बघत दारात. तिला दुकानात न्यायची गोष्ट त्याच्या मनात कधी आली नव्हती असं नाही. आली होती. पण शेठाणी गिऱ्हाइकांसमोर काहीतरी भलतंच बोलेल, लोक हसतील, बाजारात चर्चा होईल, म्हणून त्यानं ती दाबून टाकली होती. अब्रूचं कारण. आता त्याला त्या अब्रूची शिसारी आली.

तो उठला. "चला," म्हणाला, "दुकानातच जाऊन बघू त्यांना."

तिनं गल्लीच्या तोंडाकडे एकदा बघितलं. मग आत जाऊन चपला घातल्या, पदर नीट केला आणि निघाली. परक्या माणसाबरोबर निघाली म्हणून चार पावलं मागं राहून चालत होती. त्यानंही पावलं आखडली. ह्या वेळी दाराला कुलूप लावताना त्याला वाईट वाटलं नाही, कारण आत कुणी नव्हतं.

दुकानात गल्ल्याजवळ सावलीत तिच्यासाठी स्टूल टाकलं. सरदारभाईंनी चहा सांगितला. पहूरहून आलेली एक बाई मुलीच्या लग्नासाठी पातेली बघत होती. धापूबाईनं तिच्या हातातलं पातेलं घेऊन बोटानं वाजवलं आणि पातळ आहे, नका घेऊ, असं तोंडावर सांगितलं. बाई हसली आणि जाडं दाखवा म्हणाली. कुणी मेलं नाही, बाजार बंद पडला नाही. पुखराज जाडं पातेलं काढायला वळला तेव्हा फोन वाजला. संयम. आवाज घाबरलेला.

"बाबा, दुपारपासून एकही घंटी नाही. दाराला कुलूप दिसतंय. कॅमेरा बिघडला का? आई कुठंय?"

"कॅमेरा ठीक आहे. आई दुकानात आहे."

"दुकानात? तिथं काय करतेय?"

पुखराजनं वळून पाहिलं. धापूबाई स्टुलावर बसली होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. पदर डोक्यावर, डोळे रस्त्याकडे.

"माझी वाट बघतेय," तो म्हणाला.